दाराला पाणी कसे कळते?
भाटघरच्या दरवाजांपासून रेशनच्या अंगठ्यापर्यंत : स्पर्श आणि प्रकाश यांचा एक इतिहास

दर पावसाळ्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते : भाटघर धरण भरले, स्वयंचलित दरवाजे उघडले, नीरा नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा. यातला 'स्वयंचलित' हा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. आज स्वयंचलित म्हटले की डोळ्यांसमोर मोटर, संगणक आणि लुकलुकणारा दिवा येतो. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर ही परंपरा सुरू झाली तेव्हा यातले काहीच नव्हते. मग दाराला पाणी आल्याचे कळत कसे होते? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा तो मला धरणाच्या सांडव्यावरून थेट रेशन दुकानाच्या काउंटरवर घेऊन गेला. हा लेख त्या वाटेचा आहे.

1876-78 च्या दुष्काळानंतर नीरा कालव्याची योजना आकाराला आली आणि त्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी भाटघरला दगडी धरण बांधले गेले. ते 1892 मध्ये पूर्ण झाले. अभियंता व्हाइटिंग यांच्या नावावरून त्या जलाशयाला 'लेक व्हाइटिंग' म्हणत. आज दिसते ते मोठे धरण नंतरचे आहे. ते 1920 च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्याला मिळाले. जुने धरण त्याच्या पाण्याखाली गेले.

जुन्या धरणापुढची अडचण अशी होती. पावसाळा सरताना सांडव्याच्या माथ्यावर आणखी काही फूट पाणी अडवता आले तर कालव्याला तेवढाच जास्त काळ पाणी मिळणार. त्यासाठी सांडव्यावर दरवाजे हवेत. पण मध्यरात्री पूर आला आणि दरवाजे बंदच राहिले, तर धरणाच्या जिवावर बेतणार. सह्याद्रीच्या पावसात, अंधारात, ओल्या दगडावरून माणसे पाठवून एकेक दार उघडायचे, हा उपाय कागदावरच ठीक होता. रेनॉल्ड नावाच्या अभियंत्याने यावर जी युक्ती काढली ती आजही शाळेतल्या मुलाला समजेल. दाराला साखळीने एक जड वजन बांधायचे आणि ते एका दगडी हौदात लोंबकळत ठेवायचे. हौद कोरडा असला की वजन दारापेक्षा भारी पडते आणि दार बंद राहते. जलाशयाची पातळी ठरलेल्या रेषेवर चढली की नळीतून पाणी हौदात येते. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन घटते, हा आर्किमिडीजचा नियम. वजन हलके झाले की दार आपल्या भाराने सरकते आणि वाट मोकळी होते. पूर ओसरला, हौद रिकामा झाला, की वजन पुन्हा भारी आणि दार पुन्हा बंद.

पुढे 1903 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याला आपले स्वयंचलित दरवाजे बसवले. त्यांच्या रचनेत विहिरीतला एक तरंगता डबा अनेक दारांना एकदम हलवत असे. हेच विश्वेश्वरय्या नीरा कालव्यावर पाणीवाटपाची 'ब्लॉक' पद्धत आणणारे, म्हणजे भाटघरच्या पाण्याशी त्यांचे नाते दुहेरी होते.

मला या दारांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी : ज्या पाण्यापासून धोका, तेच पाणी दाराला येऊन भिडते आणि दाराला ते स्पर्शानेच कळते. मध्ये निरोप्या नाही, अंदाज नाही. आजच्या भाषेत त्या हौदाला आपण 'सेन्सर' म्हटले असते.

भांड्यातली वीज

सध्या भोर-वेल्ह्यात (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) सेन्सर ही दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी काही करू पाहणारी मुले, टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी असे वाटणारे शेतकरी, गोठ्याच्या दारावर घंटी लावू पाहणारे तरुण, असे सगळे पुण्याला तपकीर गल्लीत जातात आणि चहा-नाश्त्याच्या पैशांत एखादा सेन्सर घेऊन येतात. दुकानदार विचारतो, "कपॅसिटिव्ह देऊ की आयआर?" गिऱ्हाईक बहुधा स्वस्त असेल ते घेते. या दोन शब्दांमागे दोन वेगळी घराणी आहेत आणि दोघांचाही इतिहास अडीचशे ते दोनशे वर्षांचा आहे.

पहिले घराणे स्पर्शाचे, किंवा अधिक नेमके म्हणायचे तर सान्निध्याचे. 1745-46 च्या सुमारास युरोपात दोघांना स्वतंत्रपणे असे आढळले की काचेच्या बाटलीत वीज साठवता येते. त्यातला एक प्रयोग हॉलंडमधील लायडनचा, म्हणून तिला लायडनची बाटली म्हणतात. दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये न वाहणारा पदार्थ, एवढीच तिची रचना. हाच कपॅसिटर. 1837 मध्ये मायकेल फॅरडेने दाखवून दिले की मधला पदार्थ बदलला की साठा बदलतो. या संपूर्ण तंत्राचा पाया हाच आहे. हवेचे माप एक धरले तर कोरड्या मातीचे साधारण तीन ते पाच आणि पाण्याचे सुमारे ऐंशी. ऐंशी आणि एक यांतला फरक इतका मोठा आहे की पाणी आले की नाही हे साध्या मंडलालाही कळते. प्लास्टिकच्या टाकीला बाहेरून तांब्याच्या दोन पट्ट्या चिकटवल्या तरी आतली पातळी समजते, टाकीला भोक पाडावे लागत नाही.

मातीचा ओलावा याच गुणावर मोजतात. 1980 मध्ये कॅनडातील टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीचा हा गुण आणि तिच्यातले पाणी यांचा संबंध सूत्रात मांडला आणि शेतीच्या उपकरणांना पक्का आधार मिळाला. धान्यातला दमटपणा मोजणारी अनेक यंत्रेही याच तत्त्वावर चालतात. भात साठवणीला योग्य वाळले की नाही, हे इकडे दाताखाली दाणा फोडून सांगणारी माणसे आहेत. यंत्र तेच काम दाण्यातल्या पाण्याची वीजेशी असलेली मैत्री मोजून करते.

माणसाचे शरीरही बरेचसे पाणीच. त्यामुळे हात जवळ आला तरी कपॅसिटर बदलतो. 1920 च्या आसपास रशियात लेव तेर्मेन यांनी यातून एक वाद्यच बनवले. वादक त्याला हात लावत नाही, नुसता हवेत हलवतो आणि सूर चढतो-उतरतो. थेरेमिन नावाने ते ओळखले जाते.

या घराण्याचा दोषही त्याच्या गुणातूनच येतो. पाण्याला इतका संवेदनशील असलेला सेन्सर कोणत्या पाण्याकडे लक्ष द्यायचे हे ओळखत नाही. जुलैत वेल्ह्याच्या पश्चिम भागात, केळद किंवा घिसरच्या बाजूला, भिंतींनाही पाझर फुटतो. टाकीच्या बाहेर ओलीची साय धरली की पट्टीला वाटते, टाकी भरली. धातूच्या टाकीच्या आत तर तिला काहीच दिसत नाही, कारण धातू सगळे क्षेत्र अडवून धरतो.

तांबड्याच्या पलीकडे

दुसरे घराणे प्रकाशाचे. 1800 साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ सूर्यप्रकाशाचे लोलकाने सात रंग पाडून प्रत्येक रंगात तापमापी ठेवत होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या तापमापीतला पारा सर्वांत जास्त चढला. हा अवरक्त प्रकाश, म्हणजेच इन्फ्रारेड. 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तो प्रकाश फेकणारा इवलासा दिवा, एलईडी, तयार झाला आणि पुढे तो टीव्हीच्या रिमोटमध्ये जाऊन बसला.

अवरक्त सेन्सरची रचना सोपी आहे. एक दिवा अदृश्य प्रकाश टाकतो आणि एक डोळा वाट पाहतो. वस्तू समोर आली की प्रकाश परततो किंवा अडतो. स्पर्श लागत नाही, अंतर चालते, मोजणी झटपट होते. दारातून किती गुरे गेली, कन्व्हेअरवरून किती पेट्या सरकल्या, यासाठी हा उत्तम.

पण याला तीन वैरी आहेत. पहिला सूर्य, कारण तोच सगळ्यांत मोठा अवरक्त दिवा. म्हणून रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा लुकलुकतो आणि डोळा तेवढ्याच तालाला ओळख देतो. दुसरा वैरी धुके आणि पाण्याचे तुषार, ज्यांना मढे घाटाच्या वाटेवर काही तोटा नाही. तिसरा रंग. काजळी मिसळलेले काळे प्लास्टिक अवरक्त प्रकाश गिळून टाकते. भातलावणीत पाठीवर काळा प्लास्टिकचा कागद घेतलेली बाई अशा सेन्सरसमोरून गेली तर ती त्याच्या लेखी गेलीच नाही, असे होऊ शकते. शाळेच्या प्रदर्शनात काळ्या रेघेमागे धावणारी गाडी असते, ती याच दोषाचा उपयोग करून घेते. पाण्याची पातळी वरून मोजायलाही हा स्वस्त सेन्सर फसवा, कारण हलत्या पाण्यावरून प्रकाश भलतीकडेच जातो.

या दोन घराण्यांची जाहीर शर्यत झाली ती पडद्यावर. 1965 मध्ये इंग्लंडमधील माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या कपॅसिटिव्ह पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. 1972 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शिक्षणयंत्रणेने अवरक्त किरणांची सोळा बाय सोळाची जाळी पडद्यावर अंथरली. विद्यार्थी बोट ठेवी तिथले किरण तुटत आणि यंत्राला उत्तर कळे. 1970 च्या दशकातच जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षात कपॅसिटिव्ह पडदे आले. 2007 नंतर खिशातल्या फोनमध्ये कपॅसिटिव्हने बाजी मारली. पण वर्गातल्या मोठ्या डिजिटल फळ्यांवर अवरक्त चौकट अजून टिकून आहे. तिथे बोट, काठी, खडूचा तुकडा, काहीही चालते आणि फळा मोठा झाला तरी खर्च फक्त कडांचा वाढतो. एकच काम, दोन जागा, दोन वेगळी उत्तरे. कोणता सेन्सर चांगला, हा प्रश्न जागा सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

आजोबा आणि नातू

इथवर हा इतिहास कुतूहलाचा आहे. पुढे तो माणसांच्या ताटाशी येऊन थांबतो आणि योगायोग असा की त्या वळणावरही हर्शेलच उभा आहे.

अवरक्त प्रकाश शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू विल्यम जेम्स हर्शेल कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये होता. 1858 मध्ये जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार करताना त्याने कागदावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे सही नाकारता येऊ नये, असा धाक बसवणे हा त्यामागचा हेतू. नंतर ठशांचा अभ्यास करत त्याने 1877 मध्ये हुगळीला पेन्शन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसरा कोणी पैसे उचलू नये म्हणून. 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले. त्यातल्या वर्गीकरणाचे श्रेय एडवर्ड हेन्रीच्या नावावर गेले, तरी त्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची बुद्धी होती.

म्हणजे 'हा माणूस तोच का?' हा सरकारी प्रश्न आणि त्याला बोटाने उत्तर देण्याची सक्ती, दोन्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा ही जुनी रीत यंत्राच्या हाती गेली. दहा बोटे, दोन डोळे आणि चेहरा यांची नोंद झाली. बोटाचे काम बहुतेक वेळा काच आणि प्रकाशाने होते : काचेला टेकलेल्या रेघा आणि न टेकलेल्या खाचा यांवरून प्रकाश वेगवेगळा परततो. काही फोनच्या बटणांत हेच काम कपॅसिटर करतो, रेघ जवळ आणि खाच दूर, एवढा फरक मोजून. बुबुळाचे चित्र मात्र आजोबांच्या अवरक्त प्रकाशातच घेतात, कारण काळ्या-तपकिरी बुबुळातली वीण साध्या प्रकाशात नीट उठत नाही, अवरक्तात उठते.

आता भोर-वेल्ह्याच्या हातांकडे पाहू. राब भाजणे, चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी. जून ते नोव्हेंबर हात चिखलात, राखेत आणि भाताच्या काडांत. त्याशिवाय दगडमाती, सरपण, भांडी. साठीतल्या बाईच्या अंगठ्यावर रेघा उरतात त्या फार उथळ. पावसात बोट ओले आणि सुरकुतलेले, उन्हाळ्यात कोरडे आणि भेगाळलेले. काचेला टेकायला उंचवटाच नसेल तर प्रकाशाचा सेन्सर आणि कपॅसिटरचा सेन्सर, दोघांचेही उत्तर एकच : जुळत नाही. बुबुळाचा पर्याय आहे, पण मोतीबिंदू आणि त्याची शस्त्रक्रिया यांनी तिथेही अडचण येऊ शकते. चौथ्यांदा अंगठा लावून पाहणारी, पदराला बोट पुसून पुन्हा काचेवर दाबणारी म्हातारी माणसे मी दुकानांच्या रांगेत पुष्कळदा पाहिली आहेत. यंत्र त्यांना फक्त 'जुळत नाही' एवढेच सांगते. रांगेतल्या लोकांना मात्र ते 'ही ती नव्हे' असे ऐकू येते.

अवरक्ताचीही अशीच एक गोष्ट अलीकडची आहे. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि आशा सेविका दोन अवरक्त उपकरणे घेऊन घरोघर फिरल्या. एक ताप मोजणारी 'गन', दुसरा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. दुसऱ्याचे मूळ तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात मांडले. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून सोडायचे आणि रक्ताने कोणता किती शोषला ते पाहायचे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत हे उपकरण धोकादायक प्रमाणात घटलेला ऑक्सिजन सुमारे तिप्पट वेळा हुकवते. उपकरण जिथे तपासले गेले तिथल्या त्वचेचा रंग त्याच्या आकड्यात शिरला होता. सावळ्या माणसांच्या देशात ही गोष्ट जितकी बोलली जायला हवी होती तितकी बोलली गेली नाही.

निवड कशी करावी

मग तपकीर गल्लीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर काय? माझ्या मते आधी चार गोष्टी पाहाव्यात. जे ओळखायचे ते पाण्याच्या जातीचे आहे की हालचालीच्या? पाणी, माती, धान्य आणि बोट यांसाठी कपॅसिटिव्ह. ये-जा, अंतर आणि मोजणी यांसाठी अवरक्त. दुसरे, मध्ये काय आहे? प्लास्टिक असेल तर कपॅसिटर त्यातूनही पाहतो, धातू असेल तर नाही. अवरक्ताला मोकळी हवा आणि स्वच्छ काच हवी. तिसरे, ऋतू. आपल्याकडे उपकरणाची परीक्षा मेमध्ये घेऊन भागत नाही. मेच्या उन्हात अवरक्त चुकतो आणि जुलैच्या ओलीत कपॅसिटर, म्हणून दोन्ही महिन्यांत तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये. शक्य तिथे दोन्ही एकत्र वापरावेत. दोघांचे दोष वेगळे असल्याने दोघे एकाच वेळी चुकण्याचा संभव कमी.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते : सेन्सर चुकला तर भुर्दंड कोणाला? टाकीचा चुकला तर थोडे पाणी वाहून जाईल. मातीचा चुकला तर एक पाळी हुकेल. अंगठ्याचा चुकला तर महिन्याचे धान्य जाते, आणि तेही यंत्र विकत घेणाऱ्याचे किंवा बसवणाऱ्याचे नव्हे.

भाटघरच्या जुन्या दारांनाही माणूस लागत होताच. हौदाच्या नळीत पालापाचोळा अडकला तर पाणी चढले तरी वजन हलके होणार नाही, हे उघड आहे. म्हणून नळ्या साफ ठेवणारा, पुरात लक्ष ठेवणारा माणूस हवाच. नुसते कळणे पुरत नाही, याचा कडू धडा वेल्ह्याच्याच पाणशेतने दिला. 12 जुलै 1961 ला ते धरण फुटले. त्याआधी रात्रभर जवान तिथे वाळूची पोती रचत होते, म्हणजे धोका धरणावर कळला होता. पुण्यातल्या असंख्य घरांना तो पाणी दारात आल्यावर कळला. उपकरणाला किंवा एखाद्या जागी उभ्या माणसाला कळलेली गोष्ट योग्य ठिकाणी पोचवून तिच्यावर निर्णय घेणारा कोणी नसेल, तर ते कळणे वाया जाते.

रेशनच्या बाबतीत नियम या बाजूने आहे. अंगठा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2017 मध्ये राज्यांना दिली. आधारविषयीच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ओळख पटण्यातल्या तांत्रिक अपयशामुळे कोणी हक्काला मुकू नये, असे बजावले. म्हणजे यंत्र 'नाही' म्हणाले तरी दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य देण्याची मुभा, किंबहुना जबाबदारी, काउंटरपलीकडच्या माणसावर आहे. ही गोष्ट रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. ग्रामसभेत ती वाचून दाखवावी आणि दुकानाच्या भिंतीवर, भावफलकाच्या शेजारी, ठळक मराठीत लिहून ठेवावी. त्याला कोणताही सेन्सर लागत नाही.